जीन : एका इंग्रजी शब्दाचे वऱ्हाडातील रूपांतर

अमरावती, अकोला, अकोट, मूर्तिजापूर किंवा कारंजा या गावांत ‘जीन’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या मनात सहसा यंत्र उभे राहत नाही. उभे राहते ते दगडी कुंपणाचे विस्तीर्ण आवार, बंड्या आणि आता ट्रॅक्टर आत शिरतील एवढे रुंद फाटक, पत्र्याचे उंच छप्पर, उघड्यावर रचलेल्या कापसाच्या गंज्या आणि हवेत तरंगणारी तुसे. ‘जिनात कामाला जाणे’, ‘कापूस जिनावर टाकणे’ हे प्रयोग स्थळाचे आहेत, अवजाराचे नाहीत. मुळात इंग्रजीत मात्र हा शब्द अवजाराचाच आहे, आणि त्याहून मागे गेल्यास तो अवजाराचाही नसून माणसाच्या बुद्धीचा आहे. बुद्धीपासून अवजारापर्यंतचा त्याचा प्रवास युरोपात झाला, तर अवजारापासून आवारापर्यंतचा, म्हणजे एका सबंध आर्थिक व्यवस्थेपर्यंतचा, प्रवास वऱ्हाडात झाला. हा दुसरा टप्पा इंग्रजी कोशांत सापडत नाही आणि मराठी कोशकारांनीही त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. म्हणूनच प्रस्तुत व्याख्यानात त्याचा विचार थोडा विस्ताराने केला आहे.

व्युत्पत्तीचा भाग तुलनेने सरळ आहे. लॅटिनमध्ये ‘इंजेनियम’ म्हणजे जन्मजात गुण, अंगची बुद्धी. ‘जन्म देणे’ या अर्थाच्या ‘गिग्नेरे’ या क्रियापदाशी त्याचे नाते असून संस्कृत ‘जन्’ हा धातू त्याच कुळातला आहे. बुद्धी या अर्थावरून शब्द युक्तीकडे सरकला, युक्तीवरून युक्तीने घडवलेल्या वस्तूकडे, आणि उत्तरकालीन लॅटिनमध्ये तर तटबंदी फोडणाऱ्या युद्धयंत्रालाही तेच नाव मिळाले. जुन्या फ्रेंचमधील ‘आँजँ’ हे त्याचे रूप इंग्रजीत आले, त्याचे पहिले अक्षर गळाले आणि उरलेला तुकडा ‘जिन’ म्हणून रूढ झाला. न गळलेले पूर्ण रूप ‘एंजिन’ म्हणून टिकले. म्हणजे मराठीतले ‘इंजिन’ आणि ‘जीन’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार असून, वाफेचे इंजिन जिनाची यंत्रे फिरवू लागले तेव्हा कोणाच्याही ध्यानीमनी नसताना दोघे पुन्हा एका छपराखाली आले. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिन’चे अर्थ बरेच होते : चलाखी, डावपेच, पाखरे व ससे धरण्याचा फास, ओझे उचलण्याची तिपाई. फासाचा अर्थ इंग्रजीत आजही जिवंत आहे. कापसातून सरकी काढणारे यंत्र हा अर्थ सर्वांत शेवटी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, आला.

नामसाधर्म्यामुळे होणारे काही घोटाळे येथेच दूर केलेले बरे. मद्याचे नाव असलेला ‘जिन’ या शब्दाचा सख्खा नाही; ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा स्वाद देऊन गाळलेल्या डच दारूच्या ‘येनेव्हर’ या नावाचा तो आखूड केलेला अवशेष आहे आणि १७१४ च्या सुमारास तो छापील इंग्रजीत दिसू लागतो. विजारीच्या जाड कापडाचे ‘जीन’ हे नाव इटलीतील जेनोआ या बंदरावरून पडले. घोड्याच्या पाठीवरचे ‘जीन’ फारसीतून मराठीत केव्हाच येऊन स्थिरावले होते आणि भुताखेतांच्या गोष्टींतला ‘जिन’ अरबी आहे. खुद्द वऱ्हाडात याहून रंजक योगायोग आढळतो. कारंजा (लाड) हे जुन्या अकोला जिल्ह्यातले आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यातले गाव कापसाच्या व्यापाराचे ठाणे होते, तसेच ते जैन भट्टारकांच्या पीठांचे आणि हस्तलिखितांच्या भांडारांचेही ठाणे होते. ‘जिंकणारा’ या अर्थाचा संस्कृत ‘जिन’ तेथील मंदिरांत शतकानुशतके उच्चारला जात होता, आणि कापसाचा ‘जीन’ गावाबाहेर गरजत होता. त्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांना प्रकाशात आणण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, ते डॉ. हीरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे नंतरच्या विदर्भ महाविद्यालयात, संस्कृतचे अध्यापक होते. ‘षट्खंडागम’ या प्राचीन ग्रंथाचे, त्यावरील ‘धवला’ टीकेसह, त्यांनी आरंभलेले संपादन १९३९ पासून अमरावतीहूनच प्रसिद्ध होऊ लागले. ‘जिन’ आणि ‘जीन’ या दोन्ही शब्दांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. परंतु ज्या शेठ-सावकारांच्या दानावर अशी विद्याकार्ये चालली, त्या वर्गाच्या संपत्तीत वऱ्हाडच्या कापसाचा वाटा होता, हे विसरता येत नाही.

आता वस्तूकडे वळावे. बोंडातून वेचलेला कापूस म्हणजे सरकीसकट तंतू. सरकी वेगळी केल्यावर उरते ती रुई. हे काम यंत्रयुगापूर्वी घरात होत असे आणि त्याला मराठीत स्वतःचे शब्द होते. कापूस ‘लोढला’ जाई, ‘रेचला’ जाई. ते करण्याचे हातयंत्र म्हणजे ‘रेचा’. एकावर एक बसवलेल्या दोन बारीक लाटा उलट दिशांनी फिरतात, त्यांच्या फटीतून तंतू पलीकडे ओढला जातो आणि फटीत न मावणारी सरकी अलीकडे गळून पडते, एवढेच त्याचे तत्त्व आहे. दोन्ही लाटा एका दांड्याने फिरवता याव्यात म्हणून त्यांच्या टोकांना मळसूत्री आटे कोरण्याची युक्ती भारतीय सुतारांच्या हातची आहे. त्याहून जुनी रीत, म्हणजे दगडावर एकच लाट फिरवून सरकी पिळून काढण्याची, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत अभ्यासकांनी ओळखली आहे. सातमाळा डोंगराच्या ज्या रांगेत ती लेणी आहेत, तिच्या पूर्वेस वऱ्हाडची कापसाची काळी जमीन सुरू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रदेशाला सरकी काढण्याची कला इंग्रजांनी शिकवली नाही, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

मग ‘रेचा’ हा शब्द असताना ‘जीन’ का रुजला? परका शब्द नव्या वस्तूबरोबर येतो, हे नेहमीचे उत्तर येथे अपुरे पडते, कारण वऱ्हाडात आलेले यंत्र तत्त्वतः नवे नव्हतेच. १४ मार्च १७९४ रोजी अमेरिकेत एली व्हिटनी याला ज्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि ज्यामुळे दक्षिणेकडील संस्थानांत कापूस व गुलामगिरी दोन्ही फोफावली, ते दात्यांचे यंत्र होते. त्याच्या फिरत्या नळकांड्यावरील दाते अरुंद फटींतून तंतू ओरबाडून काढीत, आणि पुढे दात्यांच्या जागी करवतीच्या चकत्या आल्या. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकन मळेवाले आणि त्यांची करवती यंत्रे हिंदुस्थानात आणली. धारवाड भागात, जेथे अमेरिकी जातीचा कापूस रुजला, तेथे ती चालली आणि ‘सॉ-जिन्ड धारवाड’ हे नाव बाजारात रूढ झाले. इतरत्र आखूड धाग्याच्या देशी कापसाचे तंतू करवतीने तुटू लागल्याने ती बहुतेक ठिकाणी अडगळीत पडली. वऱ्हाडात टिकले ते वेगळ्या वंशाचे यंत्र. १८४० मध्येच फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाने पेटंट घेतलेल्या यंत्रात चामडे मढवलेली लाट, तिला टेकलेले एक स्थिर पाते आणि सरकीला ठोकर देणारे दुसरे हलते पाते असते. तंतू चामड्याला चिकटून पात्याखाली ओढला जातो आणि सरकी मागे राहते. लँकेशायरच्या कारखानदारांनी त्याची सुधारलेली रूपे हिंदुस्थानभर विकली, आणि दोन लाटांचे त्याचे वंशज यंत्र आजही विदर्भातील जिनांत चालते. थोडक्यात, तंतू लाटेने ओढायचा आणि सरकी अडवायची, हे रेच्याचेच तत्त्व वाफेच्या बळावर परत आले. शब्द बदलला त्याचे कारण यंत्राच्या रचनेत शोधण्यापेक्षा यंत्राभोवतीच्या मालकीत शोधावे लागते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव अभूतपूर्व चढले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडच्या मैदानातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला गेला, आणि त्या पदावरील हॅरी रिव्हेट-कार्नॅक याच्या अहवालांतून त्या काळातील खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांचे तपशीलवार चित्र मिळते. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे-फाट्याच्या उद्घाटनासाठी जातीने आला, यावरून या बाजारांचे वजन लक्षात येते. गाडीच्या डब्यात जास्तीत जास्त रुई मावावी म्हणून ती दाबून गठाण बांधणे आवश्यक झाले, आणि दाबण्याची यंत्रे महाग असल्याने ती स्टेशनालगत मोजक्या भांडवलदारांनी उभारली. स्वित्झर्लंडच्या फोल्कार्ट बंधूंसारख्या परदेशी पेढ्या, मुंबईच्या कंपन्या, मारवाडी, गुजराती व कच्छी व्यापारी आणि काही स्थानिक जमीनदार यांनी दाबण्याच्या यंत्राशेजारी सरकी काढण्याची यंत्रे बसवली आणि ‘जीन-प्रेस’ हे जोडनाव पडले. वऱ्हाडात ‘प्रेस’ म्हणजे छापखाना हा अर्थ मागाहूनचा आणि शिकलेल्यांचा. आधीचा अर्थ गठाण बांधण्याचा कारखाना हाच.

या बदलात शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट घडली ती सरकीच्या बाबतीत. घरच्या रेच्यावर कापूस लोढला जाई तेव्हा सरकी घरात राही. तीतून पुढच्या पेरणीचे बियाणे निघे, उरलेली बैल आणि म्हशी खात. कापूस सरकीसकट जिनावर जाऊ लागला तेव्हा सरकीही गेली. शेतकऱ्याला बियाणे हवे असल्यास ते त्याच जिनातून परत विकत आणावे लागे, आणि तेथे दहा गावांचा, अनेक जातींचा कापूस एकत्र लोढला गेलेला असल्याने सरकीही मिसळलेली असे. ‘बनी’ ही वऱ्हाडची लांब व मऊ धाग्याची नामांकित जात याच काळात मागे पडली आणि आखूड, भरड पण भरघोस पिकणारी ‘जडी’ तिच्या जागी आली. सरकारी अधिकारी याचा दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाला देत. तो दोष अन्यायाचा होता. जडीचा रुईचा उतारा, म्हणजे कापसाच्या वजनात निघणाऱ्या रुईचे प्रमाण, बनीपेक्षा जास्त होता, आणि बाजार लांब धाग्याला जेवढे जादा मोल देई ते घटलेल्या उत्पन्नाची भरपाई करण्याइतके नसे. शेतकरी हिशेबात चुकत नव्हता. मिश्रणाची जबाबदारी जिनाकडे होती, हे १९१७-१९ च्या इंडियन कॉटन कमिटीने मान्य केले, आणि भेसळ, पाणी मारणे व परप्रांतातला हलका कापूस आणून मिसळणे यांना आळा घालण्यासाठी १९२३ चा कापूस वाहतूक कायदा व १९२५ चा कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायदा झाला. प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण व क्रमांक असावा, ही सक्ती या दुसऱ्या कायद्यातली.

मजुरीच्या इतिहासातही या शब्दाला वेगळी जागा आहे. यंत्राला कापूस भरवण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असे, आणि हंगाम दिवाळीनंतरच्या काही महिन्यांचाच असल्याने कायद्याने त्यांना दीर्घकाळ वाऱ्यावर सोडले. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. १८९१ च्या दुरुस्तीनेही ही पळवाट बुजली नाही. शेजारच्या खानदेशात ऐन हंगामात स्त्रिया दिवसरात्र जिनात राबत असल्याची साक्ष १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे नोंदली गेली होती. तरीही हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत येण्यासाठी १९११ साल उजाडावे लागले. मालकांनी आपली सोय मात्र फार लवकर पाहिली. जीन गरजेपेक्षा जास्त झाले तेव्हा त्यांनी ‘पूल’ म्हणजे संगनमत करून दर ठरवले आणि नफा वाटून घेतला. काही जीन तर बंद राहूनच आपला वाटा उचलीत. न चालणाऱ्या यंत्रावर उत्पन्न मिळवण्याची ही युक्ती ‘इंजेनियम’च्या मूळ अर्थाला, किंबहुना मध्ययुगीन इंग्रजीतल्या डावपेचाच्या अर्थाला, फार जवळची आहे.

वऱ्हाडने या व्यवहारात शब्द केवळ घेतले असे नाही. अमरावतीचे जुने नाव उमरावती. इंग्रजी कागदपत्रांत ते नाना तऱ्हांनी लिहिले जाई आणि त्याचे आखूड रूप ‘ऊमरा’ हे वऱ्हाडी कापसाचे व्यापारी नाव म्हणून लिव्हरपूलपर्यंत पोहोचले. पुढे खानदेश आणि मध्यप्रांताचा तशाच प्रतीचा कापूसही त्याच नावाखाली विकला जाऊ लागला आणि मुंबईच्या वायदेबाजारात ‘ऊमरा’चे सौदे होऊ लागले, तेव्हा त्या नावाचा गावाशी असलेला संबंध बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता. जिनाच्या बाबतीत यंत्राचे नाव स्थळाला मिळाले, ऊमराच्या बाबतीत स्थळाचे नाव मालाला मिळाले. मापाचा शब्दही असाच गेला. ‘खंडी’चे ‘कँडी’ असे इंग्रजी रूप १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नोंदलेले आहे, आणि ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची, मुंबईची खंडी हे आजही देशभर रुईचा भाव सांगण्याचे माप आहे, मग गठाण १७० किलोंची का असेना. कारंजाचा उल्लेख येथे पुन्हा करावा लागतो, कारण हिंदुस्थानातील पहिला कायद्याने नियंत्रित कापूस-बाजार १८८६ मध्ये तेथे स्थापन झाला. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ती व्यवस्था प्रांतभर नेली, आणि आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ तेथवर मागे नेता येते. बाजार प्रांतभर कायद्याखाली आला १८९७ मध्ये आणि जीन आला १९२५ मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षे शेतकऱ्याचा माल मापारी व अडत्यासमोर संरक्षित आणि जिनाच्या फाटकाआत असंरक्षित होता.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास बऱ्यापैकी परिचित असल्याने त्याचा धावता उल्लेख पुरे. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. खाजगी जीन सरकारी कापूस मजुरीने लोढू लागले आणि शेतकऱ्याच्या शब्दसंग्रहात ‘ग्रेडर’ व ‘चुकारे’ हे शब्द ठाण मांडून बसले. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मिशनखाली जुन्या जिनांना यांत्रिक भरणी, सफाई व पट्टेवाहक बसवण्यास अनुदान मिळाले. दोन लाटांच्या यंत्रांची निर्मिती नागपुरात होते, आणि कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्रही तेथेच आहे. नव्या यंत्रांच्या जागेची गरज वेगळी असल्याने जीन गावाबाहेर हमरस्त्यांवर गेले. गावातले जुने आवार रिकामे झाले, त्यात भूखंड पडले, वस्त्या व मंगल कार्यालये झाली, आणि तरीही पत्ता सांगताना जिनाचे नाव घेतले जाते. ग्रंथांत ‘वटणी’, ‘रेचाई’ असे प्रतिशब्द आढळतात. ते शुद्ध आहेत, जुने आहेत, आणि बाजारात कोणी वापरीत नाही. कोशकाराने ‘जीन’ची नोंद करताना ‘कापसातून सरकी काढण्याचे यंत्र’ एवढा इंग्रजीतून उचललेला अर्थ देऊन थांबू नये; ‘असा कारखाना’, ‘त्याचे आवार’ आणि ‘त्यावरून पडलेले मोहल्ल्याचे नाव’ हे तिन्ही अर्थ स्वतंत्रपणे द्यावेत, कारण ते इंग्रजीत नाहीत आणि येथे घडलेले आहेत.

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि वऱ्हाडच्या बोलीत त्याच ध्वनीचा आणखी एक शब्द शिरला. आनुवंशिक गुणाचा घटक या अर्थाचा ‘जीन’, ज्याला मराठीत जनुक म्हणतात, १९०९ मध्ये योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने ग्रीक मुळावरून घडवला. ते ग्रीक मूळ आणि ‘इंजेनियम’मधले लॅटिन मूळ ही दोन्ही ‘जन्’च्या गोतावळ्यातली असल्याने, मद्य, कापड, घोडा आणि भूत यांच्यापेक्षा हा नवागत कापसाच्या जिनाचा खरा आप्त ठरतो. त्याच्या आगमनाने सरकीचा जुना प्रश्न मात्र पार बदलून गेला. बीटी बियाणे जवळजवळ सर्वस्वी संकरित असल्याने जिनातून परत आणलेली सरकी पेरण्यात अर्थ राहिला नाही. संकरित वाणांनी हे १९७० नंतर सुरू केले होते, बीटीने ते पुरे केले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी आणि अमेरिकी सरळ वाण विकसित केले आहेत, त्यांचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते. पण पऱ्हाटीखालील बहुतेक क्षेत्र पाकिटातल्या बियाण्याचेच आहे. त्यामुळे आज जिनात पडणारी सरकी तेलघाणीला आणि ढेपेला जाते. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि राहिलेल्यातली घट वजा जाता बाकी सारी सरकी असते. म्हणून खंडीचा भाव स्थिर असतानाही सरकी आणि ढेप महागली की अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव हलतो, आणि जिनावर कापूस नेणारा शेतकरी रुईइतकीच सरकीच्या भावाची चौकशी करतो.